कोर्टाची भाषा, कागदाची भाषा आणि आपली मराठी
महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांसाठी कायदेविषयक संदर्भ

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण घर-जमिनीचे कागद, मृत्युपत्र आणि वारसा, किंवा एखादी तक्रार या निमित्ताने ती पायरी आज ना उद्या समोर येतेच. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची अडचण थोडी वेगळी आहे. घरातले जुने कागद मराठीत, काही तर मोडीत असतात. कचेरीचे काम कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगूत चालते. आणि वरच्या कोर्टात सगळे इंग्रजीत. या तिन्हींच्या मध्ये माणूस न समजलेल्या कागदावर सही करतो आणि तेथूनच पुढची कटकट सुरू होते.

गेल्या दोन वर्षांत कायद्यात मोठे बदल झाले आहेत, आणि कोणाला कोणत्या भाषेत काय सांगितले पाहिजे याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे महत्त्वाचे निकालही आले आहेत. सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना एका ठिकाणी पाहता यावे म्हणून ही माहिती येथे संकलित केली आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष प्रकरणात आपल्या वकिलांचा सल्ला घ्यावाच.

१. कोणत्या कोर्टात कोणती भाषा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज, संसदेने वेगळी तरतूद करेपर्यंत, इंग्रजीत चालते. कायद्यांचा प्राधिकृत पाठही इंग्रजीच मानला जातो. राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरण्यास परवानगी देऊ शकतात. मात्र ही परवानगी निकाल, हुकूमनामे आणि आदेश यांना लागू होत नाही. निकालही राजभाषेत देण्याची वाट राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ७ ने मोकळी केली, पण त्यासोबत इंग्रजी भाषांतर द्यावे लागते.

आजवर हिंदीची अशी परवानगी राजस्थान (१९५०), उत्तर प्रदेश (१९६९), मध्य प्रदेश (१९७१) आणि बिहार (१९७२) या चार उच्च न्यायालयांना मिळाली आहे. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील खंडपीठे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचीच असल्याने तेथील सभासदांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची. तमिळनाडू, गुजरात, छत्तीसगड, पश्चिम बंगाल आणि कर्नाटक यांनीही आपापल्या भाषांसाठी मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठ बैठकीने ११ ऑक्टोबर २०१२ रोजी ती मान्य न करण्याचा निर्णय घेतला. म्हणून बंगळूरू, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील उच्च न्यायालये, तसेच मुंबई उच्च न्यायालय आणि त्याचे गोवा खंडपीठ, इंग्रजीतच चालतात.

खालच्या कोर्टांचे तसे नाही. दिवाणी कोर्टाची भाषा ठरवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ ने, आणि फौजदारी कोर्टाची भाषा ठरवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०७ ने राज्य सरकारला दिला आहे. महाराष्ट्राने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका पातळीवर मराठी आणली. त्याच न्यायाने कर्नाटकात कन्नड, गुजरातेत गुजराती आणि मध्य प्रदेशात हिंदी वापरात आहे.

कलम १३७ मध्ये एक उपयुक्त तरतूद आहे. कोर्टात इंग्रजीत लेखी काही दाखल झाले आणि पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलाला इंग्रजी येत नसेल, तर मागणी केल्यावर कोर्टाच्या भाषेतले भाषांतर त्याला दिले पाहिजे. हे भाषांतर कोर्टाच्या भाषेत मिळते, पक्षकाराच्या मातृभाषेत नव्हे, हे लक्षात ठेवावे.

२. जुलै २०२४ पासूनचे तीन फौजदारी कायदे

१ जुलै २०२४ पासून तीन जुन्या कायद्यांच्या जागी तीन नवे कायदे लागू झाले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या ५११ कलमांऐवजी आता ३५८ कलमे आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ४८४ ऐवजी ५३१ कलमे. भारतीय पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला; १६७ ऐवजी १७० कलमे.

बोलीत रुळलेले कलमांचे आकडे आता बदलले आहेत. खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले. खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ आता १०९. फसवणुकीचे ४२० आता ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये आहे. चोरीचे ३७९ आता ३०३ मध्ये. सासरच्या छळाचे ४९८-अ आता ८५, आणि क्रौर्याची व्याख्या ८६ मध्ये. हुंडाबळीचे ३०४-ब आता ८०. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे ३०४-अ आता १०६ च्या पोटकलम १ मध्ये. धमकीचे ५०६ आता ३५१ मध्ये. म्हणजे एखाद्याला ‘चारसोबीस’ म्हणणे कायद्याच्या पुस्तकापुरते जुने झाले.

गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडला असेल, तर त्याला जुनी दंड संहिताच लागू होते. एकाच घरात दोन प्रकरणे असली, तर एकावर जुनी कलमे आणि दुसऱ्यावर नवी असू शकतात. यात कोणाची चूक आहे असे समजू नये.

सामान्य माणसाच्या दृष्टीने नागरिक सुरक्षा संहितेतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते (कलम १७३). यालाच झिरो एफआयआर म्हणतात. वडोदऱ्यात राहणाऱ्याचे सामान सुरतजवळ गाडीत चोरीला गेले, तर ‘तिकडे जा’ असे सांगून परत पाठवता येत नाही.

खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. खबर देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तोंडी खबर लिहून घेतली असेल, तर ती वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

ठाण्यात खबर नोंदवून घेतली नाही, तर तिचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तपास कुठवर आला आहे, हे खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवावे लागते (कलम १९३).

तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते (कलम १८१). एफआयआरवर मात्र सही असते. हा फरक अनेकांना माहीत नसतो आणि समोर येईल त्या कागदावर सही केली जाते.

नव्या कायद्यांच्या नावांविषयी दोन शब्द. इंग्रजी पाठातही ही नावे संस्कृत-हिंदी वळणाचीच ठेवली आहेत. मराठी वाचकाला ‘पुरावा अधिनियम’ हे नाव सरळ समजत असे. ‘साक्ष’ म्हटले की आपल्यासमोर पिंजऱ्यात उभा राहून सांगणारा साक्षीदार येतो. ‘साक्ष्य अधिनियम’ मात्र कागदपत्रे, मोबाइलमधील संदेश, चित्रफिती अशा सर्व पुराव्यांविषयी आहे. बाहेर काहीही नाव असले, तरी घरच्यांना समजावून सांगताना ‘पुराव्याचा कायदा’ म्हणण्यात काहीच बिघडत नाही.

३. अटक आणि समजणारी भाषा

अटक झालेल्याला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, हे अनुच्छेद २२ ने दिलेले संरक्षण आहे. ती कोणत्या भाषेत सांगायची, हा प्रश्न जुना आहे. १९६२ साली ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत लिहून दिली होती आणि तोंडी समजावली होती. स्थानबद्ध व्यक्तीला इंग्रजी येत नव्हते. तोंडी भाषांतर पुरेसे नाही, कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत आणि लिपीत मिळाली पाहिजेत, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कारणेच समजली नाहीत तर त्यांना उत्तर काय देणार, हा त्यामागचा साधा विचार.

तो निकाल प्रतिबंधक स्थानबद्धतेपुरता होता. नेहमीच्या अटकेबाबत अलीकडचे दोन निकाल महत्त्वाचे आहेत. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे समजणाऱ्या भाषेत आणि अर्थबोध होईल अशा रीतीने कळवली पाहिजेत. नाहीतर अटकच बेकायदा ठरते. त्यानंतर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात हा नियम आणखी पक्का झाला. गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. जागेवर लेखी देणे शक्य नसेल, तर आधी तोंडी सांगावीत आणि मग लेखी द्यावीत. पण कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. तसे झाले नाही, तर अटक आणि त्यापुढची कोठडी बेकायदा ठरते.

मराठी माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा. बेळगाव किंवा हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला स्थानिक भाषा बोलता येते, पण लिहिता-वाचता येतेच असे नाही. वृद्ध मंडळींच्या बाबतीत तर हे सर्रास दिसते. ‘मला ही लिपी वाचता येत नाही, मला मराठीत लिहून द्या’ असे सांगणे हा त्यांचा हक्क आहे. हे सांगितल्याची नोंद वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्याच तारखेला करून ठेवावी. उलट, ज्याचे शिक्षण कन्नड किंवा हिंदी माध्यमातून झाले आहे, त्याने केवळ मातृभाषा मराठी म्हणून असा आग्रह धरला, तर तो टिकेलच असे नाही. येथे निकष समजण्याचा आहे.

खटला सुरू झाल्यावरही भाषेचे संरक्षण आहे. साक्षीदार आरोपीला न समजणाऱ्या भाषेत बोलत असेल, तर ती साक्ष त्याला समजणाऱ्या भाषेत भर कोर्टात सांगितली पाहिजे (कलम ३१४). साक्षीदार कोर्टाच्या भाषेऐवजी दुसऱ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास त्याच भाषेत त्याची साक्ष लिहून घेता येते. नाहीतर कोर्टाच्या भाषेत खरे भाषांतर तयार होते (कलम ३१२). आरोपीने मागणी केल्यास निकालाचे भाषांतर, शक्य असेल तर त्याच्या स्वतःच्या भाषेत, नाहीतर कोर्टाच्या भाषेत, विलंब न लावता दिले पाहिजे (कलम ४०४). ‘शक्य असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. म्हणूनच मागणी लेखी आणि वेळेवर करावी.

वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

४. मराठी आणि मोडी कागदपत्रे

जुन्या होळकर, शिंदे आणि गायकवाड संस्थानांच्या मुलखातील, तसेच बेळगाव भागातील अनेक कुटुंबांच्या कपाटात मोडीतले कागद आहेत: खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, सनदा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वापरात होती. आज घरातल्या कोणालाच ती वाचता येत नाही, म्हणून हे कागद एकतर देव्हाऱ्याखाली पडून राहतात किंवा साफसफाईत टाकले जातात.

ते टाकू नयेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ नुसार तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून समोर आला, तर त्यावरील सही, हस्ताक्षर आणि साक्षीदारांच्या सह्या खऱ्या आहेत असे कोर्ट गृहीत धरू शकते. सही करणारे आणि साक्षीदार हयात नसताना ही तरतूद उपयोगी पडते. मात्र येथे तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, कोर्टाने असे गृहीत धरलेच पाहिजे असे नाही. तो कोर्टाचा अधिकार आहे. दुसरी, गृहीत धरले जाते ते कागदाचे खरेपण. आतल्या मजकुराचे खरेपण वेगळे सिद्ध करावे लागते. तिसरी, ‘योग्य ताबा’ म्हणजे ज्याच्याकडे तो कागद असणे स्वाभाविक आहे त्याच्याकडून तो आला पाहिजे. मालकाच्या नातवाच्या पेटीतून निघालेला कागद आणि रद्दीवाल्याकडे सापडलेला कागद यांत फरक पडतो. म्हणून कोणता कागद कोणाकडून कोणाकडे आला, याची घरात नोंद असावी.

मोडी कागदाचे काम दोन पायऱ्यांत होते. आधी लिप्यंतर, म्हणजे मोडीतला मजकूर जसाच्या तसा देवनागरीत. मग कोर्टाच्या भाषेत भाषांतर. या दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत, कारण वाद निघतो तो बहुधा वाचनावरून. नाव, आडनाव, गावाचे नाव आणि रक्कम येथे एका अक्षराने घोळ होतो. जुन्या कागदात शक, फसली, अरबी सन आणि संस्थानी वर्षे येतात. त्यांचे इसवीत रूपांतर जाणकाराकडूनच करून घ्यावे. लिप्यंतर करणाऱ्याने आपले नाव, पात्रता आणि तारीख लिहून सही करावी, कारण गरज पडल्यास त्याला कोर्टात साक्ष द्यावी लागेल. मूळ कागद लॅमिनेट करू नये. त्यावर पेनाने खुणा करू नयेत. चांगली छायाप्रत काढून काम तिच्यावर करावे.

५. मृत्युपत्र, खते आणि नोंदणी

मृत्युपत्र मराठीत लिहिता येते का, असे नेहमी विचारले जाते. येते. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ मध्ये भाषेची अट नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार ही अट आहे. सहीही कोणत्याही लिपीत चालते. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून घेणे बरे.

अडचण येते ती नोंदणीच्या वेळी. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १९ नुसार कागद ज्या भाषेत आहे ती भाषा नोंदणी अधिकाऱ्याला समजत नसेल आणि त्या जिल्ह्यात सर्वसाधारणपणे वापरातही नसेल, तर जिल्ह्यात वापरात असलेल्या भाषेतले खरे भाषांतर आणि खरी नक्कल जोडल्याशिवाय तो नोंदणी नाकारू शकतो. याचा सरळ अर्थ असा की मराठी कागद केवळ मराठीत आहे म्हणून कायमचा नाकारता येत नाही. भाषांतर जोडले की वाट मोकळी होते.

मूळ मराठीत आणि भाषांतर स्थानिक भाषेत, ही पद्धत वृद्ध मंडळींसाठी चांगली. त्यांना आपण कशावर सही करतो हे समजते. कागद स्थानिक भाषेतच करायचा असेल, तर शेवटी एक परिच्छेद जरूर घालावा: ‘हा मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.’ समजावून सांगणाऱ्याचे नाव आणि सही तेथेच घ्यावी. ज्याला कागदातून फायदा होणार आहे, त्याने हे काम करू नये. आजोबांचे मृत्युपत्र ज्या नातवाच्या नावे आहे, त्यानेच ते त्यांना समजावून सांगितले, तर पुढे भावंडांत शंका निघायला तेवढे कारण पुरते.

६. शब्द तोच, अर्थ दुसरा

शेजारच्या भाषांतील अनेक कायदेशीर शब्द मराठीसारखेच दिसतात आणि फसवतात. पुढील शब्द घरात माहीत असावेत.

शिक्षा: मराठीत दंड, कन्नड आणि तेलुगूतही जवळपास तोच अर्थ. हिंदीत मात्र शिक्षण.

आपत्ति: हिंदीत हरकत किंवा आक्षेप. इंदुरात वर्तमानपत्रात जमिनीबाबत ‘आपत्ति आमंत्रित’ अशी नोटीस आली, तर ती संकटाविषयी नसून हरकत घेण्याची मुदत सांगणारी असते. ती चुकली तर नुकसान होते.

हरकत: मराठीत आक्षेप. हिंदीत कृती, तीही बहुधा गैर.

राजीनामा: मराठीत पद सोडल्याचा कागद. मध्य प्रदेशातील कोर्टात दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड.

पेशी: हिंदीत कोर्टाची तारीख किंवा हजेरी.

मुदत: मराठीत कालावधी. गुजरातीत कोर्टाची पुढची तारीखही.

धरपकड: मराठीत अनेकांना एकदम पकडणे. गुजरातीत एका माणसाची साधी अटकही.

तकरारु: कन्नडमध्ये हरकत किंवा वाद. आपल्या ‘तक्रार’ या अर्थी तेथे ‘दूरु’ हा शब्द आहे. बेळगावात ‘तकरारु अर्जी’ म्हणजे हरकतीचा अर्ज.

वांधा: गुजरातीत आक्षेप, ‘वांधा अरजी’ म्हणजे हरकतीचा अर्ज.

जमानत: हिंदीत जामीन. मराठीत ‘जामीन’ म्हणजे सुटकाही आणि हमी राहणारा माणूसही.

आता जमिनीचे कागद. महाराष्ट्र आणि गुजरात येथे सातबारा चालतो. कर्नाटकात त्याच कामाचा कागद म्हणजे पहणी, जिला बेळगाव भागात आपण सरसकट ‘उतारा’ म्हणतो. तेलंगणातही पहाणी आणि पट्टादार पासबुक. मध्य प्रदेशात खसरा आणि खतौनी. गोव्यात फॉर्म एक आणि चौदा. आपला ‘फेरफार’ मध्य प्रदेशात ‘नामांतरण’ होतो. मृत्युपत्राला हिंदीत वसीयत, गुजरातीत वसियतनामुं, कन्नडमध्ये उयिलु, तेलुगूत वीलुनामा म्हणतात. खरेदीखत कन्नडमध्ये क्रयपत्र होते. वारसांची वंशावळ वडोदऱ्यात ‘पेढीनामुं’ आणि कर्नाटकात ‘वंशवृक्ष’ या नावाने मागितली जाते.

कायद्याची मराठी घडवण्याचे काम महाराष्ट्राबाहेरही झाले आहे, हेही लक्षात ठेवण्याजोगे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यानंतर अडीच शतकांनी वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात ‘श्री सयाजी शासन कल्पतरु’ हा अनेक भाषांतील प्रशासकीय शब्दांचा कोश १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी त्यातली एक भाषा होती.

७. भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपले स्थान

अनुच्छेद ३५० नुसार आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. अनुच्छेद ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीविषयी आहे. अनुच्छेद ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. ही शेवटची दोन १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. ज्या भागात १५ टक्के किंवा अधिक लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे मान्य केलेले धोरण आहे. ते धोरण आहे, कायदा नव्हे. म्हणून पाठपुरावा करावा लागतो.

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा केले आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद ठेवली. कर्नाटकात २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दुकाने आणि आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के भाग कन्नडमध्ये, वरच्या बाजूला असावा लागतो. उरलेल्या भागात दुसरी भाषा लिहिण्यास वाव राहतो. सीमाभागाविषयी महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली दाखल केलेला मूळ दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो दोन राज्यांमधील हद्दीचा दावा आहे. आपले भाषिक हक्क त्याच्या निकालाची वाट पाहत थांबलेले नाहीत. ते घटनेने आजच दिलेले आहेत.

या संदर्भात १५ एप्रिल २०२५ चा एक निकाल वाचण्याजोगा आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूही होती. त्याला हरकत घेतली गेली. मराठी असताना आणखी एक भाषा लिहिण्यास महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा मनाई करत नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने हरकत फेटाळली. हा निकाल महाराष्ट्रातल्या उर्दूविषयी आहे. दुसऱ्या राज्याचा कायदा वेगळा असेल तर तो जसाच्या तसा लागू होणार नाही. पण राज्याच्या भाषेचा मान राखून शेजारी दुसरी भाषा नांदू शकते, हे तत्त्व आपल्याला महाराष्ट्राबाहेर हवे असेल, तर महाराष्ट्रातही ते मान्य केले पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्याने कोणत्याही कोर्टाची भाषा बदललेली नाही.

८. निकाल आणि कायदे मराठीत

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली सुरू केली. निवडक निकालांची मराठीसह अनेक भाषांतील भाषांतरे आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ती पक्षकाराला समजावे यासाठी आहेत. वाद आला तर इंग्रजी पाठच खरा मानला जातो. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील पाठाची गोष्ट वेगळी आहे. १९७३ च्या प्राधिकृत पाठविषयक कायद्याखाली राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले भाषांतर त्या भाषेतील प्राधिकृत पाठ ठरते.

९. घरात करून ठेवण्यासारखे

घरातील सर्व जुन्या कागदांची एक यादी करावी: कागद कोणता, कोणत्या लिपीत, कोणत्या वर्षाचा, सध्या कोणाकडे.

मोडी कागदांचे लिप्यंतर घरातील जाणती माणसे हयात असतानाच करून घ्यावे. लिपी दुसरा कोणी वाचून देईल. कागदातला ‘दादा’ म्हणजे नेमके कोण, हे घरचेच सांगू शकतात.

नावाचे लेखन सर्व कागदांवर एकसारखे आहे का, ते पाहावे. कुळकर्णी आणि कुलकर्णी, किंवा वडिलांचे नाव मधे असणे आणि नसणे, एवढ्यावरून वारसाची नोंद अडते.

न वाचता येणाऱ्या लिपीतील कागदावर कोणीही, कितीही घाईत, सही करू नये. ‘नंतर समजावतो’ म्हणणाऱ्याला आधी समजावण्याची विनंती करावी.

नवी पिढी स्थानिक भाषा उत्तम लिहिते-वाचते आणि जुनी पिढी मराठी. या दोन पिढ्यांनी एकदा कागदांची पेटी उघडून एकत्र बसावे. निम्मे भाषांतर तेथेच होईल, आणि वकिलाकडे जाताना काय विचारायचे तेही कळेल.